बनाझने नावं लिहून दिली होती

१२ डिसेंबर २००५ रोजी दक्षिण लंडनमधल्या एका पोलीस ठाण्यात एक तरुणी पत्र देऊन गेली. आपल्याला आणि आपल्या मित्राला मारायचं ठरलं आहे, असं त्यात लिहिलं होतं. मारणार कोण, त्यांची नावंही दिली होती. सहा आठवड्यांनी, २४ जानेवारी २००६ ला, राहत्या घरात तिचा गळा आवळून खून झाला. तिला विसावं वर्ष पूर्ण होऊन जेमतेम महिना उलटला होता. पत्रात जी नावं होती त्यांतली काही माणसं पुढे न्यायालयात दोषी ठरली.

बनाझ महमूद तिचं नाव. कुटुंब इराकी कुर्दिस्तानातलं, नव्वदच्या दशकात आश्रय मागून ब्रिटनला आलेलं. या प्रकरणाची तिकडे खूप चर्चा झाली, ती मुख्यतः पोलिसांच्या हलगर्जीपणावर, आणि ती व्हायलाच हवी होती. मला मात्र हे प्रकरण आपल्यापुढे मांडावंसं वाटतं ते वेगळ्या कारणाने. तिचे शेवटचे दोन महिने तारीखवार पाहिले की एक गोष्ट लख्ख दिसते: घरात आदळआपट चालू होती तेव्हा ती जगली, आणि घर शांत झालं, घरच्यांनी तिला परत जवळ घेतलं, तेव्हा ती मेली. आपल्याकडे एखादी मुलगी अशा कचाट्यात सापडल्याचं कळलं की भल्या माणसाला पहिलं काय सुचतं? समजूत घालणं. दोन्ही बाजूंना एकत्र बसवणं. 'शेवटी आईबापच आहेत' म्हणून तिला घरी पोचवणं.

हे प्रकरण समजून घ्यायचं तर सुरुवात तिच्या थोरल्या बहिणीपासून करावी लागते. बेखालला घरचा जाच सोसवेना, ठरवलेलं लग्न नको होतं. विशीच्या आतच ती घर सोडून गेली. त्यानंतर सख्ख्या भावाने तिच्या डोक्यात डंबेल घातलं. बापाने हे काम आपल्यावर सोपवल्याचं तो रडत बोलला, असं बेखाल सांगते. तिच्या जाण्याने बापाची समाजातली पत गेली. पोरगी हाताबाहेर जाऊ देणारा माणूस, असा शिक्का बसला. त्याचा हिशेब धाकट्या मुलींकडून चुकता करायचं ठरलं. बनाझचं लग्न सतराव्या वर्षी लावून दिलं, वयाने दहाएक वर्षांनी मोठ्या माणसाशी. त्याने तिला मारलं, बलात्कार केले. २००५ मध्ये ती नवऱ्याला सोडून माहेरी आली.

इथे क्षणभर थांबायला हवं, कारण ही खूण आपल्याकडेही दिसते. थोरलीने पळून जाऊन लग्न केलं की धाकटीचं कॉलेज बंद होतं, तिचा मोबाइल काढून घेतला जातो आणि तीन महिन्यांत कुठल्या तरी स्थळाला होकार दिला जातो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, घरचे धास्तावलेत, साहजिकच आहे. पण घरात आधी एकीला 'शिक्षा' झालेली आहे का, हा प्रश्न अशा वेळी सगळ्यांत आधी विचारायचा असतो. आधी झाली असेल तर पुढची धमकी रागाच्या भरातली म्हणून सोडून देता येत नाही.

माहेरी असताना बनाझची रहमत सुलेमानी या तरुणाशी ओळख झाली, प्रेम जमलं. तो त्यांच्या कुळातला नव्हता. दोघांना एकत्र पाहिल्याची खबर काकापर्यंत पोचली. अरी महमूद हा बनाझच्या बापाचा भाऊ, पैसेवाला, समाजात वजन असलेला. २ डिसेंबर २००५ ला त्याच्या घरी पुरुषांची बैठक झाली आणि त्यात दोघांना संपवायचं ठरलं. त्याने फोन करून बनाझच्या आईला ते सांगितलं. बनाझला ते कळलं, तेव्हा ती पोलिसांकडे गेली, आणि मग ते नावांचं पत्र.

घरातला मारझोड करणारा नवरा आणि हा प्रकार यांत फरक आहे तो या बैठकीत. नवरा एकटा असतो. त्याला दारू चढते, राग येतो, शेजारी मध्ये पडले तर तो वरमतो. इथे निर्णय भावकीचा असतो. काका, चुलते, मामा, समाजातले चार प्रतिष्ठित, आणि त्यांना बातम्या पुरवणारी डझनभर नातेवाईक मंडळी. कित्येकदा आई, आत्या, आजीही त्यात असतात. कुणी पाळत ठेवतं, कुणी गाडी पुरवतं, कुणी नुसतं म्हणतं, 'आमच्यात असतं तर आम्ही तुकडे केले असते.' बापाच्या मनात नसलं तरी तो मागे हटू शकत नाही, कारण त्याचं मोजमाप बाहेर चाललेलं असतं. म्हणून 'तिचे वडील तसे चांगले आहेत हो, मी ओळखतो त्यांना' हे वाक्य अशा वेळी काही कामाचं नसतं.

३१ डिसेंबरला बापाने बनाझला आजीच्या घरी नेलं. पडदे ओढलेले होते. त्याने तिला ब्रँडी प्यायला लावली, पाठ करून बसायला सांगितलं. त्याने हातमोजे घातले होते. आपल्याला इथे मारायला आणलंय हे तिला उमगलं. ती तशीच अनवाणी पळाली, शेजाऱ्याच्या खिडकीची काच हाताने फोडली, कुणी दार उघडेना तशी रस्त्यावर धावली आणि एका कॅफेत जाऊन कोसळली. मनगटांतून रक्त वाहत होतं. तिथून तिला इस्पितळात नेलं.

तिथे आलेल्या महिला पोलिसाला तिचं बोलणं पटलं नाही. दारू प्यायलेली मुलगी, मित्राचं लक्ष वेधायला नाटक करतेय, असं तिचं मत झालं. बापाकडे चौकशी करायचं राहिलं बाजूला, फुटलेल्या काचेबद्दल बनाझवरच गुन्हा दाखल करावा का, याचा विचार चालला होता. पोलिसांविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या स्वतंत्र आयोगाने २००८ मध्ये या हाताळणीवर कडक ताशेरे ओढले. त्या पोलिसाला दोष देऊन आपण मोकळे होऊ नये असं मला मनापासून वाटतं. 'बाप आपल्या पोरीला मारायला आजीच्या घरी नेईल?' हा अविश्वास आपल्या सगळ्यांच्या मनात असतो. तो चांगुलपणातून येतो, म्हणून तो ओळखायला अवघड. शिवाय खरोखर घाबरलेलं माणूस नीटनेटकं बोलत नाही. तारखा चुकतात, आधी एक सांगितलं नि मग दुसरं असं होतं, मध्येच हसू येतं, बापाबद्दल प्रेमाने बोललं जातं. या विसंगतीवरून आपण ठरवतो की पोरगी वाढवून सांगतेय.

रहमतने मात्र एक शहाणपणाचं काम केलं. इस्पितळातल्या खाटेवर तिने घडलेलं सांगितलं ते त्याने मोबाइलवर चित्रित करून ठेवलं. दीड वर्षाने न्यायालयात तिची साक्ष तिच्याच तोंडून ऐकवली गेली ती त्यामुळे.

पुढचा टप्पा सगळ्यांत महत्त्वाचा आहे आणि सांगताना तो नेहमी दोन ओळींत उरकला जातो. बनाझ घरी परत गेली. दोघांनी संबंध तोडल्याचा देखावा केला. घरच्यांनीही तो मानल्याचं दाखवलं. तीन आठवडे वरकरणी सगळं निवळलं होतं. दोघं चोरून भेटत राहिली आणि पुन्हा कुणीतरी पाहिलं. २२ जानेवारीला रहमतला गाडीत ओढून न्यायचा प्रयत्न झाला. मित्र सोबत होते म्हणून तो सुटला. दुसऱ्या दिवशी बनाझ पुन्हा पोलिसांकडे गेली. गेल्या काही महिन्यांत ती पाच वेळा पोलिसांकडे मदत मागायला गेल्याची नोंद आहे. या वेळी पोलिसांनी तिला सुरक्षित ठिकाणी ठेवायची तयारी दाखवली. ती नको म्हणाली. घरी आई आहे, आई असताना काही होणार नाही, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईबाप घरातून बाहेर गेले आणि मारेकरी आत आले.

ती नको का म्हणाली, हे कळलं नाही तर आपणही उद्या एखाद्या मैत्रिणीला म्हणू, 'मी मदत देत होते, तिनेच घेतली नाही.' विसाव्या वर्षी माणूस आई सोडून कुठे जाणार? सगळी नाती, सगळे सण, भाषा, जेवणाची चव एका घरात अडकलेली असते. तिथून निघणं म्हणजे एका रात्रीत अनाथ होणं. शिवाय ज्यांच्याकडून भीती आहे त्यांच्यावरच जीव असतो, आणि ते थोडे मऊ झाले की ती हजारदा मारलेलं विसरायला तयार होते. हे प्रेम समोरच्यांना पक्कं ठाऊक असतं. ते त्याचाच उपयोग करतात.

खुनानंतर रहमतने ती बेपत्ता असल्याचं पोलिसांना कळवलं. आईबाप म्हणाले, काळजीचं कारण नाही, आम्ही मुलीला मोकळीक देतो. समाजातली माणसं तपासाला साथ द्यायला पुढे येईनात. कॅरोलाइन गुड या अधिकारी महिलेने चिकाटीने मोबाइल फोनच्या नोंदींवरून माग काढला. तुरुंगातल्या एका आरोपीचं बोलणं गुपचूप ध्वनिमुद्रित केलं, त्यात तो खुनाचं वर्णन करत होता. २८ एप्रिल २००६ ला बर्मिंगहॅममधल्या एका घराच्या परसात पुरलेल्या सुटकेसमध्ये बनाझचा मृतदेह सापडला. २००७ मध्ये बाप आणि काका दोषी ठरले, दोघांना जन्मठेप झाली. बापाला किमान २० वर्षं, काकाला २३. मारेकऱ्यांपैकी मोहमद हमाने आधीच गुन्हा कबूल केला होता. इराकला पळालेल्या दोघांना परत आणून २०१० मध्ये शिक्षा झाली. बेखालने बुरख्यातून येऊन बापाविरुद्ध साक्ष दिली. त्या धैर्याबद्दल काय लिहावं मला सुचत नाही. रहमतला ओळख बदलून राहावं लागलं. २०१६ मध्ये त्याने आत्महत्या केली.

आता हे वाचून 'कुर्दांमध्ये असतं असं' म्हणणाऱ्यांनी आपल्याकडे पाहावं. डिसेंबर २०२१, वैजापूर तालुका. मनाप्रमाणे लग्न केलेली एकोणीस वर्षांची मुलगी शेतवस्तीवर नवऱ्याच्या घरी राहत होती, पोटुशी होती. आई आठवडाभर आधी येऊन भेटून गेली होती, पोरीला हायसं वाटलं असणार. मग आई आणि भाऊ दोघं आले. ती त्यांच्यासाठी चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेली. पोलिसांच्या म्हणण्यानुसार आईने पाय धरले आणि भावाने कोयत्याने मान उडवली. २०१५ मध्ये कोल्हापुरातही आंतरजातीय लग्न केलेल्या बहिणीच्या घरी भाऊ गेले आणि नवराबायको दोघांना मारून आले. १ जानेवारी २०१३ ला सोनईजवळ मेहतर समाजातल्या तीन तरुणांना संडासाची टाकी साफ करायचं काम आहे म्हणून बोलावून घेऊन मारलं, त्यांतल्या एकाचं सवर्ण मुलीशी प्रेम होतं. तिन्ही ठिकाणी दार फोडून कुणी आलं नाही. भेट होती, पाहुणचार होता, कामाचं बोलावणं होतं. आणि आपल्याकडे या साऱ्याच्या तळाशी बहुतेक वेळा जात असते. मुलगा दलित असेल तर धोका मुलीइतकाच, कधी जास्त, त्याला असतो.

मग ओळखीतल्या कुणाबद्दल शंका आली तर काय करायचं?

खून हे टोक झालं, त्याच्या आधी बरंच काही घडत असतं. ऑफिसातली सहकारी एकाएकी भावासोबतच ये-जा करू लागते. लंचच्या वेळी व्हिडिओ कॉल करून 'कुठे आहेस ते दाखव' म्हणून विचारलं जातं. पगाराचं एटीएम कार्ड वडिलांकडे असतं. आधार, मार्कशीट, पासपोर्ट कुलपात जातात. 'आजी आजारी आहे' म्हणून परीक्षेच्या तोंडावर गावी नेतात आणि फोन बंद होतो. एखाददुसरी गोष्ट कुठल्याही कडक घरात सापडेल. तीन-चार एकदम सुरू झाल्या, आणि त्यात मुलीचं कुठे जुळल्याचं कळलंय किंवा तिने स्थळाला नकार दिलाय, तर दुर्लक्ष करू नका. समलिंगी मुलामुलींच्या बाबतीतही हेच चित्र असतं, फक्त तिथे 'डॉक्टरकडे नेतो', 'लग्न झालं की सुधारेल' अशी भाषा असते.

बोलायचं ते तिच्याशी एकटीशी, आणि समोरासमोर. तिचा व्हॉट्सॲप दुसरं कुणी वाचत असणार हे धरून चाला. पहिल्या भेटीत सल्ला देऊ नका. 'घरी कुणी मारतं का?' असं थेट विचारलं तर ती बहुधा नाही म्हणेल. 'तुला घरी जायची भीती वाटते का? आज घरी गेलीस तर काय होईल?' असं विचारून पाहा. मिळेल ते उत्तर खरं धरून पुढे चला. पुन्हा भेटायची संधी मिळेलच असं नाही. ब्रिटनमध्ये या क्षेत्रात काम करणाऱ्यांना हेच शिकवतात की तुमच्या हाती एकच संधी आहे असं समजून वागा. त्याच भेटीत एक सांकेतिक शब्द ठरवा. तो मेसेजमध्ये आला की काय करायचं तेही ठरवा. कागदपत्रांचे फोटो, थोडे पैसे, एक कपड्यांचा जोड तुमच्याकडे किंवा तिसऱ्याकडे राहू दे. तिने सांगितलेलं तारखेसह लिहून ठेवा. तिची तयारी असेल तर रेकॉर्ड करा.

तिच्या घरी फोन करू नका. समाजाच्या अध्यक्षांना, तिच्या मामांना, गावच्या पोलीस पाटलांना 'जरा समजावा' म्हणून सांगू नका. त्यांना कळलं म्हणजे भावकीला कळलं.

पोलिसांकडे जायचं तर तोंडी सांगून परतू नका. बनाझसारखी नावं लिहून द्या, पण अर्जाची पोच घ्या आणि प्रत पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयात द्या. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये शक्ती वाहिनी प्रकरणात स्पष्ट निर्देश दिले आहेत: प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष, चोवीस तास हेल्पलाइन, आणि धोका असलेल्या जोडप्यांसाठी सुरक्षित निवारा, नाममात्र खर्चात महिनाभर, गरज पडल्यास वर्षभरापर्यंत. महाराष्ट्राच्या गृह विभागानेही त्यानुसार आदेश काढले आहेत. ठाणे अंमलदाराला हे माहीत नसेल तर निकालाची प्रत सोबत ठेवा, वकील बरोबर न्या. आपल्याकडच्या ठाण्यांत हमखास एक गोष्ट होते: मुलीच्या बापाने 'मिसिंग' दाखल केलेली असते, पोलीस मुलीला बोलावतात, आईबापांना समोर बसवतात, रडारड होते आणि पोरगी त्यांच्या ताब्यात दिली जाते. ती अठरा वर्षांची असेल तर तिला कुणाच्याही ताब्यात द्यायचा प्रश्नच येत नाही. आपण स्वतःच्या मर्जीने गेलो, असा जबाब तिने द्यायचा आणि हवं तिथे जायचं. तो जबाब आईबापांसमोर नव्हे, वेगळ्या खोलीत घ्या, असा आग्रह धरा.

तिला कोंडून ठेवलं असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०० खाली दंडाधिकारी शोध वॉरंट काढू शकतात, आणि उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस याचिका (कोंडलेल्या व्यक्तीला न्यायालयापुढे हजर करा, अशी मागणी) मित्र किंवा जोडीदारही करू शकतो. कौटुंबिक हिंसाचारविरोधी २००५ चा कायदा फक्त नवऱ्यासाठी आहे असं अनेकांना वाटतं. तो बाप, भाऊ, काका यांच्याविरुद्धही चालतो, आणि या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला माहिती कुणीही देऊ शकतं. चांगल्या हेतूने दिली असेल तर देणाऱ्यावर कुठलीही जबाबदारी येत नाही. मुलगी अठराच्या आतली असेल तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन. बाकी १८१ ही महिला हेल्पलाइन आणि अडचणीतल्या बाईला एकाच जागी मदत देणारी सखी वन स्टॉप सेंटर आहेत, मोफत वकिलासाठी १५१००. पोलीस ठाण्यांत टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबईत सुरू केलेले महिला व मुलांसाठीचे विशेष कक्ष आता राज्यभर आहेत. तिथल्या समाजसेविका अशा घरांना चांगल्या ओळखतात. जातपंचायतीने वाळीत टाकायची धमकी दिली असेल तर २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं असेल तर तीस दिवसांची नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात जाहीर लागते, हे आधीच लक्षात घ्या. तो महिना राहायचं कुठे, याची सोय नोटीस देण्यापूर्वी करावी लागते, नंतर नाही.

ती घरी परत जाते म्हणाली तर भांडू नका, रागावू नका, 'मग मला सांगू नकोस' तर मुळीच म्हणू नका. तिचा निर्णय आहे. पण जायच्या आधी इतकं ठरवा: रोज ठराविक वेळी मेसेज, आठवड्यातून एकदा प्रत्यक्ष भेट, घरातून बाहेर पडायचा एक मार्ग. तुमचा नंबर तिला पाठ हवा, मोबाइल काढून घेतला तरी चालेल असा.

आणि ती बाहेर राहत असेल, काही महिने शांततेत गेले असतील, आणि आई भेटायला येते म्हणाली, तर त्या भेटीची तयारी नीट करा. भेट राहत्या घरी नको, नातेवाइकांकडे नको, शेतावर तर नकोच. पोलीस ठाण्यातल्या महिलांच्या विशेष कक्षात किंवा एखाद्या स्वयंसेवी संस्थेच्या कार्यालयात, दिवसाउजेडी, तिसरं माणूस खोलीत असताना भेटा. भाऊ, काका सोबत येणार असतील तर तारीख पुढे ढकला. पत्ता विचारला तर सांगू नका, बाळ पाहायचं म्हटलं तरी नाही. भेटीनंतर तिला एकटीला जाऊ देऊ नका, कुणी मागे येत नाही ना ते पाहा. ठरलेल्या वेळी तिचा फोन आला नाही तर वाट पाहत बसू नका, ११२ लावा आणि ती कुणाला भेटायला गेली होती त्यांची नावं सांगा.